खंडेनवमीची चावी

देवपूर, धुळे
४ मार्च २०२५

ती. चुडामण मामांना मेघाचा नमस्कार,

पत्र कसं लिहायचं तेच विसरलेय मी. शेवटचं पाचवीत असताना लिहिलं होतं, तुम्हालाच. उत्तर लिहायचा कंटाळा आला म्हणून तुम्ही स्वतःच केळीचा घड खांद्यावर घेऊन दारात उभे राहिला होतात. आता तुम्ही जिथे आहात तिथे फोन चालत नाही, म्हणून पुन्हा कागद हातात घेतला.

आई जेवत नाही. म्हणते, एक भाऊ गेला अन् दुसऱ्याला त्याच्याच खुनासाठी धरून नेलं, मी रडू तरी कोणाच्या नावानं? प्रेमराजमामाचा फोटो तिनं अजून भिंतीला लावू दिलेला नाही.

मामा, एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. पोलीस आमच्या नरडाण्याच्या कारखान्यात आले होते. आम्ही बनवतो त्या पंपाच्या स्टार्टरमध्ये प्रत्येक वेळची नोंद राहते: मोटर किती वाजता चालू झाली, कोणत्या रिमोटनं झाली. तुमच्या स्टार्टरच्या डब्यातली नोंद त्यांना हवी होती. साहेबांनी मलाच पुढे केलं. ९ फेब्रुवारी, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मोटर चालू. आकड्यांची चावी तुमच्या रिमोटची. दुसऱ्या कोणाला ती मोटर चालू करता आली असती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जगात कोणालाच नाही. खाली माझी सही आहे.

मी खोटं कसं सांगू? डबा खोटं बोलत नाही. पण मुद्दाम दाबणं वेगळं आणि चुकून दाबलं जाणं वेगळं. तुम्ही चुकून दाबलंत का, मामा? मला एकटीला सांगा.

तुमची,
मेघा

*

जिल्हा कारागृह, जळगाव
१९ मार्च

मेघा पोरी,

तुला एकटीला कसं सांगू? इथून जाणारं आणि इथे येणारं प्रत्येक पत्र आधी साहेब वाचतात. आपल्या पत्राला तुमच्या डब्यासारखं कुलूप नाही. वाचू दे त्यांना. मी लपवावं असं काही केलेलं नाही.

तू विचारलंस ना, मग ऐक. केबलचा जोड जळला होता. प्रेमराज विहिरीच्या काठावर बसून तारा सोलत होता. आपले आबा होते तेव्हाची रीत तुला माहीत आहे. मोटरला हात लावायचा तर आधी तिन्ही फ्यूज उपटायचे आणि खिशात घालायचे. घरात कोणी मेलं तरी ते फ्यूज काम संपेपर्यंत दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. तीस वर्षं आम्ही तसंच केलं. दसऱ्याला तू तो डबा घेऊन आलीस, ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, "मामा, आता फ्यूज उपटायची कटकट गेली. रिमोट खिशात ठेवा. तुमच्याशिवाय ही मोटर आता कोणाच्या बापाला चालू करता येणार नाही." तुझ्या आईनं तुला दटावलं, बापाबिपावर जाऊ नको म्हणून. आम्ही किती हसलो होतो.

त्या दिवशी प्रेमराजनं विचारलं, "भाऊ, रिमोट तुना खिसामा शे ना?" मी म्हटलं, शे. त्यानं उघड्या तारा हातात घेतल्या. मी चिकटपट्टी आणायला मोटरच्या खोलीकडे गेलो, वीस पावलं. जाताना वरच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली. रिमोट त्याच खिशात होता. खोलीतल्या स्टार्टरचा आवाज आला. मग मागे काहीतरी पाण्यात पडल्याचा. ज्योती भाकरी घेऊन बांधावरून येत होती. तिनं काय पाहिलं? माझा हात खिशात आणि तिचा नवरा विहिरीत.

टेकाडापलीकडचा भटू पळत आला आणि अंगावरच्या कपड्यानिशी विहिरीत उडी घेतली. मला पोहता येतं, पण माझे पायच हलले नाहीत. प्रेमराजला वर काढलं ते भटूनं.

आता भांडणाचं. ते खोटं नाही. एका विहिरीवर दोघा भावांच्या पाण्याच्या पाळ्या. हिवाळ्यात दोन-तीनदा असं झालं की पाळी त्याची आणि पाणी माझ्या केळीत. मी मोटर लावलेलीच नव्हती. तो चिडायचा. "ली ले भाऊ, बठ्ठं पानी तूच ली ले," असं, सगळं पाणी मीच ओढतोय म्हणून, चार लोकांत बोलला. तुला आठवत असेल, तेव्हा मी फोन करून विचारलं होतं की मोटर आपोआप लागते का. तू म्हणालीस, "शक्यच नाही मामा, घरातलंच कोणीतरी दाबत असेल." मी ते जसंच्या तसं प्रेमराजला सांगितलं. झालं. त्या दिवसापासून त्यानं मला भाऊ म्हणणं सोडलं. जोड जळल्यावर पुन्हा म्हणाला, ते शेवटचं.

मी नाही दाबलं.

तुझा मोठा मामा,
चुडामण

*

देवपूर, धुळे
२ एप्रिल

ती. मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही.

तुम्हाला राग येईल, पण मला जे माहीत आहे ते सांगितलंच पाहिजे. आता पंप, विजेचं मीटर, दाराचं कुलूप, सगळं हवेतून एकमेकांशी बोलतं. ते बोलणं चोरता येऊ नये म्हणून त्याला आकड्यांचं कुलूप असतं. उद्या मोठे क्वांटम संगणक आले की आजची कुलपं पटापट उघडतील, हे सगळ्या जगाला कळलंय. म्हणून आमच्या कंपनीनं काट्यानं काटा काढायचं ठरवलं. चावीच क्वांटम संगणकाकडून घ्यायची. तो पुण्यात आहे, आणि त्याच्याकडून नरडाण्याच्या आमच्या पेटीत चाव्या उतरतात. प्रकाशाचा एकेक कण नाण्यासारखा उडवायचा. छापा की काटा, हे पडेपर्यंत ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. असे शेकडो छापे-काटे ओळीनं लावले की एक चावी होते. एक चावी एका डब्यात आणि त्याच्या रिमोटमध्ये. तशी दुसरी जगात नाही.

म्हणून म्हणते, हॅकर, भुताटकी, शेजारीपाजारी, यातलं काहीच नाही. बटण तुमच्याच रिमोटचं दाबलं गेलंय. पुडी काढताना अंगठा लागला असेल. यात तुमचा गुन्हा नाही, मामा. पण डब्याला दोष देऊ नका. वकिलांनाही तसं काही सांगू नका. कोर्टात ते टिकणार नाही, उलट तुम्हीच खोटे ठराल.

तो डबा माझ्या हातानं मी तुमच्या घरी आणला होता, हे काय मी विसरलेय?

मेघा

*

जिल्हा कारागृह, जळगाव
११ मे

मेघा,

तुझ्या पत्रानं माझी झोप गेली, असं लिहिलं तर तुला वाईट वाटेल. वाटू दे.

तू एवढी शिकलेली. लहानपणी घड्याळ खोलून पुन्हा जोडायचीस. तू कधी चुकीचं सांगितलंस असं मला आठवत नाही. म्हणून मी एक उद्योग सुरू केलाय. इथे एकाकडून रिकामी काडेपेटी घेतली. ती वरच्या खिशात ठेवायची, शेजारी पुडी ठेवायची, आणि चालता चालता पुडी काढायची. दहादा काढली तर चारदा अंगठा काडेपेटीला लागतो. म्हणजे लागतो की गं. बरोबरचे लोक म्हणतात, हा येडा झाला. चंदन म्हणून एक पोरगा आहे, तो रोज विचारतो, "काका, आज कितीदा लागला?"

ज्योतीला मी निरोप पाठवला होता की पोरांच्या शाळेचं काही अडलं तर अक्काला सांग, तुझी आई काही नाही म्हणायची नाही. तिनं निरोप आणणाऱ्याच्या तोंडावर दार लावलं. लावणारच. मी तिच्या जागी असतो तर दार लावून थांबलो नसतो.

भेटायला येतो तो एकटा भटू. दर महिन्याला एसटीनं येतो, भाजलेल्या शेंगा घेऊन. सख्खे चुलतभाऊ फिरकले नाहीत, आणि हा माणूस, ना नात्याचा ना गोत्याचा. परवा आला तेव्हा मला हसवायला म्हणाला, "चुडामणभाऊ, तुमच्या विहिरीवरचं भूत माझ्याकडे आलं आता. माझी मोटरही मार्गशीर्षात दोनदा आपोआप लागली होती. मी लिंबू-मिरची बांधली तेव्हा थांबली." त्यानंही दसऱ्यालाच तुमचा स्टार्टर घेतलाय, चोपड्याच्या दुकानातून. माझा पाहून हौस आली त्याला. मी म्हटलं, भटू, आमच्या मेघाला ऐकू जाऊ देऊ नको, ती दोघांना ठोकून काढेल.

तुझं पत्र लवकर येऊ दे. इथे दिवस मोठे असतात.

चुडामण

*

जिल्हा कारागृह, जळगाव
२९ जून

मेघा,

दीड महिना झाला, तुझा कागद नाही. आजारी आहेस का? की मी भुताचं लिहिलं म्हणून रुसलीस? अगं, ती भटूची थट्टा होती.

वकील येऊन गेले. म्हणतात, कबूल करा की हात चुकून लागला, मग खुनाचं कलम जाईल, थोडक्यात सुटाल. मी आधी नाही म्हटलं. आता हो म्हणणार आहे. थोडक्यात सुटायची हौस नाही मला, पण मला आता आठवतंय, मेघा. खरंच आठवतंय. पुडी ओढली तेव्हा अंगठ्याखाली काहीतरी कट् झालं. आधी आठवत नव्हतं, आता रोज आठवतं. तू म्हणालीस ते खरं निघालं. भावाला मीच मारलं, ह्याच अंगठ्यानं.

सप्टेंबरच्या आठ तारखेला कोर्टात उभं करणार आहेत. तेव्हा सांगून टाकतो म्हणजे सुटलो. तुरुंगातून नाही म्हणत मी.

चुडामण

*

देवपूर, धुळे
१७ ऑगस्ट

मामा,

आठ तारखेला काही कबूल करू नका. हात जोडते. तुम्ही दाबलं नाही.

हे पत्र साहेब आधी वाचतील. वाचावंच त्यांनी, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. हेच मी वकिलांना दिलंय आणि उद्या पोलिसांना देणार आहे.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही कारखान्यात यंत्रांची पूजा मांडली. चाव्यांच्या पेटीला मी स्वतः हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पुढे नारळ ठेवला. पूजेला बसवलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत चालू करायचं नाही, हे तुमच्याकडेच शिकले मी. तुम्ही पेरणीच्या तिफणीला त्या दिवशी हात लावू देत नव्हतात. दुपारी विक्रीवाल्यांचा फोन आला: साठ स्टार्टर सकाळपर्यंत हवेत, लोकांना दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी न्यायचेत. त्यात एक तुमचा होता. साठ डबे तयार होते, फक्त चाव्या भरायच्या राहिल्या होत्या.

माझ्या हाताखालचा अतिक म्हणाला, "ताई, पेटी लावू का? अर्ध्या तासाचं काम आहे." मी म्हणाले, "नको रे, आज ती बसलीये." तो म्हणाला, "मग कसं करायचं?" सकाळी तपासणीसाठी काढलेली एक चावी संगणकात पडून होती. मी ती एकच चावी साठही डब्यांत भरली. एकच, मामा. त्या डब्याला दुसरं नावगाव नसतं, चावी हेच त्याचं नाव. साठ भावांना एकच नाव ठेवलं मी. अतिक बघत होता. "ताई, हे बरं नाही," एवढं म्हणाला. मी त्याला म्हणाले, आठ दिवसांत सगळे परत बोलावून नव्या चाव्या भरू, तोवर कोणाचं काय बिघडतंय?

एक्केचाळीस परत आले. एकोणीस नाही आले. हंगाम चालू होता, कोणी चालता पंप काढून देईना. तुम्हालाही मी फोन केला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, चालतोय ना, राहू दे. मी राहू दिलं. रिमोट दोनेक किलोमीटरच पोचतो, तुमच्या गावात असा डबा एकच आहे, मग भीती कसली, असा हिशेब मी मनाशी केला. पोलिसांसमोर सही करतानाही तोच हिशेब केला. चावी सारखी आहे हे मला माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. वर तुम्हालाच लिहिलं, वकिलांना काही सांगू नका. ते का लिहिलं हे आता कळलंच असेल.

मग तुमचं भुताचं पत्र आलं. भटूमामांकडे तसलाच डबा आहे हे मला माहीतच नव्हतं. ते पत्र मी कपाटात कपड्यांखाली घातलं आणि त्याला उत्तरच लिहिलं नाही.

जुलैत मी त्यांच्याकडे गेले. स्टार्टरची तपासणी आहे असं सांगितलं. त्यांनी चहा केला, तुमची चौकशी केली, रडले. मी त्यांच्या डब्यातली नोंद उतरवून घेतली. ९ फेब्रुवारी, अकरा बेचाळीस. चहा पिताना त्यांनीच सांगितलं होतं, त्या वेळी टेकाडावर उभं राहून त्यांनी स्वतःची मोटर चालू केली होती. मधे टेकाड आहे म्हणून एरवी त्यांचं बटण आपल्या विहिरीपर्यंत पोचत नाही. टेकाडावरून पोचतं. तुमच्या पाळ्या चुकवल्या त्याही त्यांच्याच बटणानं, आणि त्यांचं भूत म्हणजे तुम्ही टेकाडावर असताना दाबलेलं तुमचं बटण. काही न बोलता मी उठून आले.

त्यानंतर एक महिना मी गप्प बसले. कारण सांगायला तोंड नाही. मी भित्री आहे, एवढंच. मग राखीपौर्णिमा आली. आईनं सवयीनं दोन राख्या आणल्या आणि दुसरी हातात धरून बसून राहिली. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

तुमच्या अंगठ्याखाली काही वाजलं नव्हतं, मामा. ते मी तुमच्या डोक्यात घातलं.

मेघा

*

जिल्हा कारागृह, जळगाव
२५ ऑगस्ट

मेघा,

पत्र साहेबांनी स्वतः आणून दिलं. बसा म्हणाले, पाणी दिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

बाकीचं मग बोलू. आधी भटूचं. त्याचं नाव घ्यायलाच हवं का? डबा बिघडला होता, एवढं सांगून भागत नाही का? त्याच्या बटणानं झालं हे त्याला कळलं तर तो माणूस संपेल. मला विचार, अंगठ्याखाली कट् वाजलेलं घेऊन जगणं म्हणजे काय. मला तर ते खोटंच वाजत होतं, त्याचं तर खरं असेल. प्रेमराजला वर काढताना त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते गं. शेंगा घेऊन येतो तो.

बघ काही जमलं तर.

चुडामण

*

देवपूर, धुळे
२१ सप्टेंबर

ती. मामा,

जमलं नाही. दोन्ही डब्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तुमचा निरपराधपणा सिद्ध होत नव्हता. पोलीस त्यांचा रिमोट न्यायला गेले तेव्हाच त्यांना कळलं. मला त्यांच्याकडे आधी जायचं होतं, वकिलांनी जाऊ दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी फार हट्टही धरला नाही.

अतिकनं जबाब दिला. एका शब्दानंही स्वतःला वाचवलं नाही त्यानं, आणि मलाही नाही. त्याची नोकरी गेली, माझीही गेली. माझ्यावर गुन्हा दाखल झालाय. आधीची खोटी सही आणि निष्काळजीपणा, दोन्ही. होऊ दे.

उरलेल्या डब्यांसाठी मी आणि अतिक गावोगाव फिरलो, त्याच्या मोटरसायकलवर. कंपनी पत्रं पाठवणार होती, तोवर कोण थांबणार? सतरा सापडले. एका गावात पुना म्हणून म्हातारे होते, ते डबा देईनात. म्हणाले, "दसऱ्याच्या मुहूर्ताची वस्तू आहे, लक्ष्मी आहे, परत देऊ नये." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा दिला.

तुमच्या जामिनाचं तीस तारखेच्या आत होईल असं वकील म्हणतात. खटलाच मागे घेण्याचा अर्ज सरकारकडून जाणार आहे.

ज्योतीमामीकडे गेले होते. मी अंगणात उभी राहून सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "अर्धा तास लागणार होता?" मी हो म्हणाले. ती आत गेली.

दिवाळीला मी येऊ का, मामा? तुम्ही म्हणाल तसं.

मेघा

*

घरून, ता. चोपडा
१२ ऑक्टोबर २०२५

मेघा पोरी,

घरी आलो. फोन आहे आता हाताशी, पण हे फोनवर बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

ज्योतीनं दार उघडलं. पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि पोरांना म्हणाली, "मोठ्या बाबांच्या पाया पडा." मी पोरांना पोटाशी धरलं तेव्हा ती ढसाढसा रडली, मीही रडलो. आठ महिन्यांत त्या बाईला नवऱ्यासाठी रडायलाच मिळालं नव्हतं, सगळा वेळ माझा राग करण्यात गेला. जेवायला वाढताना म्हणाली, "भाऊजी, मेघाला सांगा. माझं कुंकू तिनं त्या पेटीला लावलं." जसं म्हणाली तसं लिहिलंय.

भटूला भेटलो. तो घराबाहेर पडत नाही. बायको सांगते, दिवसभर उजवा हात मांडीखाली दाबून बसतो. मी गेलो तर तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, भटू, अरे शेंगा आण ना. त्याची केळी उभ्या उभ्या वाळायला लागली होती. मोटरला हात लावायला तो तयार नाही, बायकोला लावू देत नाही. म्हणून रोज सकाळी मी टेकाड उतरून जातो. तुमचा डबा दोन्हीकडचा काढून टाकलाय. माझ्याकडे आबांचा जुना लोखंडी स्टार्टर बसवला, त्याच्याकडे त्याचा जुना. माझी मोटर लावतो, मग त्याची लावतो. कुठं काही बघायचं असलं की तिन्ही फ्यूज उपटून खिशात. तंबाखू सोडली.

आता तुझं. तू विचारलंस ते सांगतो.

चावीचा मला राग नाही. पूजेला बसलेलं यंत्र तू उठवलं नाहीस, ते माझ्याकडूनच शिकलीस. मीही उठवलं नसतं. नोकरीसाठी भ्यालीस, कोण भीत नाही? आणि शेवटी बोललीस, स्वतःचं वाटोळं करून बोललीस, तेही मला कळतं. अक्कालाही मी तेच सांगितलंय, तुझ्याशी बोल म्हणून.

पण एक गोष्ट राहते, मेघा. पहिल्या पत्रात तू विचारलंस, चुकून दाबलंत का. दुसऱ्यात सांगितलंस, दाबलंतच. मी लिहिलं होतं, मी नाही दाबलं. तीन शब्द होते. ते तू तीनदा वाचलेस. माझ्या मांडीवर वाढलीस तू. तुझा मामा कधी तुझ्याशी खोटं बोलला होता का? तू डब्याचं ऐकलंस, माझं नाही. आणि तू ऐकलं नाहीस म्हणून मीही माझं ऐकणं सोडलं. पाच महिने मी भावाला मारलेला माणूस म्हणून जगलो. ते आठवतं तेव्हा मला तुझा चेहरा नको वाटतो. खोटं कशाला लिहू?

दिवाळीला येऊ नको. ज्योती एक वेळ चालवून घेईल, मला चालणार नाही. किती दिवस, ते मला विचारू नको, मलाच माहीत नाही. तुझ्या केसचं काय होईल ते कळव, पत्रानं. वकील नीट आहे का ते बघ. जेवत जा.

आणि तुझं लग्न ठरलं तर मला कळव. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. प्रेमराज म्हणायचा, एका हाताला मी धरीन, दुसऱ्या हाताला भाऊ धरील. मी येईन. कितीही राग असला तरी येईन आणि तुला घेऊन मांडवात जाईन. तुझा दुसरा हात मात्र कोणाला धरू देऊ नको, तो तसाच मोकळा राहू दे.

चुडामण